फोन ‘एंगेज’ लागतोय? आधी कान द्या, मग परत लावा

मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडत दुकानाचा फोन लागत नाही. वादळात डीपी जळाली की सगळं गाव एकदमच महावितरणला फोन लावतं. सोयऱ्याला दवाखान्यात नेलेलं असतं, तेव्हा दहा जणांना एकाच माणसाशी बोलायचं असतं. अशा वेळी बहुतेक जण हिरवं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतात. त्यानं काम होतं कधी कधी, पण वेळ फार जातो. ‘लागत नाही’ म्हणजे नेमकं काय झालंय, हे फोन स्वतःच सांगत असतो. ते ओळखता आलं की निम्मं काम झालं, कारण प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे.

आवाज ओळखा

भारतातल्या टेलिफोनच्या सगळ्या टोन ४०० हर्ट्झच्या आहेत. फरक असतो तो तालात.

घंटीचा ताल जोडीचा असतो: ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद शांतता. ही ऐकू आली तर समोरचा फोन मोकळा आहे, फक्त कुणी उचलत नाही. एंगेज टोन सावकाश चालते, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद गप्प. समोरचा माणूस बोलतोय किंवा त्याचा रिसीव्हर खाली राहिलाय, असा तिचा अर्थ. तिसरी टोन घाईची, पाव सेकंद आवाज आणि पाव सेकंद गप्प. लोक तिलाही एंगेजच म्हणतात, आणि इथेच गफलत होते. ती टोन वाटेतली लाइन जाम असल्याची आहे. तुमचा कॉल समोरच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. तो माणूस कदाचित रिकामा बसलेला असेल.

मोबाइलवर टोनऐवजी बाई बोलते. तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐका. ‘दुसऱ्या कॉलवर व्यस्त’ म्हणजे माणूस बोलतोय. ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त’ म्हणजे वाट जाम आहे. ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ किंवा ‘बंद आहे’ याचा अर्थ रेंज नाही, बॅटरी संपली, किंवा तो दुसऱ्या सिमवर बोलतोय (त्याबद्दल पुढे येईलच). एक-दोन घंट्या होऊन तुटला तर बहुधा समोरच्यानं कट केला. दर वेळी अर्ध्या घंटीतच तुटत असेल, आणि तोच नंबर दुसऱ्या फोनवरून नीट लागत असेल, तर तुमचा नंबर ब्लॉक झालेला असण्याची शक्यता आहे. तिथे वेगवेगळ्या फोनवरून लावत राहू नये. एक मेसेज करावा आणि थांबावं.

उत्तर न मिळता कॉल आपोआप कटतो, त्यालाही नियम आहे. ट्रायनं (फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये घंटीची मुदत ठरवून दिली: मोबाइलवर ३० सेकंद, लँडलाइनवर ६० सेकंद. त्यामुळे आखाड्यावरून घरापर्यंत चालत येऊन लँडलाइन उचलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पूर्ण मिनिट मिळतं. आठ-दहा घंट्यांतच तुम्ही फोन ठेवू नका.

आधी नंबर तपासा

जुन्या वहीतून लावत असाल तर आकडे मोजा. सुरुवातीचा शून्य सोडून एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहा आकडे झाले पाहिजेत. छत्रपती संभाजीनगरचा कोड ०२४०, म्हणून तिथला नंबर सात आकडी. जालना ०२४८२, परभणी ०२४५२, हिंगोली ०२४५६, नांदेड ०२४६२, बीड ०२४४२, धाराशिव ०२४७२, लातूर ०२३८२. इथले नंबर सहा आकडी. बेरीज जुळत नसेल तर नंबर जुना आहे किंवा लिहिताना चुकलाय.

मोबाइलवरून लँडलाइनला लावताना शून्य आणि कोड लागतोच, गावातल्या गावात असलात तरी. लँडलाइनवरून मोबाइलला लावतानाही १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे अजून ठाऊक नसतं आणि ते ‘मोबाइल लागतच नाहीत’ अशी तक्रार करतात.

एखादी लँडलाइन तास-दोन तास सलग एंगेज येत असेल तर तिथे कुणी बोलत नाहीये असं खुशाल समजा. रिसीव्हर तिरपा बसलाय, किंवा पावसात केबलच्या जोडात पाणी शिरून दोन तारा एकत्र आल्यात. एक्स्चेंजला दोन्हींत फरक कळत नाही. रिसीव्हर उचललेला आहे असंच त्याला वाटतं. शेजाऱ्याला लावून निरोप द्या. नुसतं रिडायल करून ही लाइन मोकळी होणार नाही.

माणूस खरंच बोलतोय तेव्हा

समोरच्याकडे कॉल वेटिंग (बोलत असतानाही दुसरा कॉल आल्याचं कळवणारी सोय) चालू असेल तर तुम्हाला आधी ‘दुसऱ्या कॉलवर आहेत’ ऐकू येतं आणि मग घंटी वाजत राहते. इथे लोक सर्वांत मोठी चूक करतात ती म्हणजे लगेच कट करणं. त्याच क्षणी समोरच्याच्या कानात पिप-पिप वाजतंय, पडद्यावर तुमचं नाव दिसतंय. चालू बोलणं आवरायला त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. पूर्ण ३० सेकंद थांबा.

नुसतीच एंगेज टोन आली तर त्याचं वेटिंग बंद आहे. तेव्हा एक छोटा मेसेज पाठवा: काय काम आहे आणि किती घाईचं आहे. साधा एसएमएस चालू बोलण्यातही पोचतो, कारण तो बोलण्याच्या वाटेनं जात नाही. ‘फोन करा’ एवढंच लिहू नका. ‘गाडी मोंढ्यात पोचली, ४० पोती, काटा कुठे लावू’ असं लिहिलं तर परत फोन करायची गरजच राहत नाही कदाचित.

आता एक फार नेहमीचा घोळ. बोलता बोलता कॉल तुटतो. दोघंही लगेच एकमेकांना लावतात, दोघांनाही एंगेज येतं. दोघं थांबतात, आणि पुन्हा एकदमच लावतात. यावर एकच उपाय: ज्यानं आधी लावला होता, त्यानंच परत लावायचा. दुसऱ्यानं फोन हातात धरून शांत बसायचं. घरात, दुकानात हे एकदा ठरवून टाका. यातला फायदा अनुभवल्याशिवाय कळत नाही.

परत लावण्याचं गणित

दर पाच सेकंदाला लावत राहण्यात शहाणपण नाही. मोबाइल नेटवर्क कसं चालावं हे ठरवणाऱ्या जीएसएम मानकातच आपोआप पुन्हा लावण्याचा वेग बांधून दिलेला आहे. पहिला पुन्हाप्रयत्न किमान ५ सेकंदांनी, पुढचे तीन एकेका मिनिटानं, त्यानंतरचे तीन-तीन मिनिटांनी, एकूण दहापर्यंत. हाच ताल हातानं पाळा. कारण सोपं आहे: माणसाचं बोलणं पाच सेकंदांत संपत नाही, पण मिनिट-दोन मिनिटांत संपू शकतं.

बटणाच्या साध्या फोनमध्ये ही सोय बहुधा असतेच. मेनू, सेटिंग, कॉल सेटिंग, तिथे ‘ऑटो रिडायल’ चालू करा. नोकियाच्या साध्या फोनात ते जास्तीत जास्त दहा वेळा लावून बघतं आणि लागला की कळवतं. घरातला तो जुना फोन फेकू नका. एंगेज नंबर लावायला महागड्या स्मार्टफोनपेक्षा तो बरा पडतो. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये ही सोय मुळातच नसते. प्ले स्टोअरवर ऑटो रिडायलची अॅप्स मिळतात, पण ती फोन लावण्याची आणि कॉलची यादी वाचण्याची परवानगी मागतात. त्याच फोनवर बँकेचं अॅप असेल तर आम्ही ती टाकू नका म्हणू.

लँडलाइनवर रिडायल करताना क्रेडल (रिसीव्हर ठेवल्यावर दबणारं बटण) नीट दाबून दोन सेकंद धरा. पटकन दाबून सोडलं तर एक्स्चेंज त्याला ‘फ्लॅश’ (चालू कॉल होल्डवर ठेवण्याची खूण) समजतं, जुना कॉल सुटत नाही आणि नवा लागत नाही. मग माणूस म्हणतो, लाइन खराब आहे.

परदेशात राहणारे नातेवाईक सांगतात की तिकडे एंगेज लागल्यावर एक आकडा दाबला की झालं, लाइन मोकळी होताच फोन आपोआप वाजतो. ते खरं आहे. अमेरिकेत लँडलाइनवर *६६ दाबलं की अर्धा तास एक्स्चेंज तो नंबर तपासत राहतं. ब्रिटनमध्ये एंगेज टोनवर ५ दाबतात. जीएसएममध्येही या सेवेला ३७ हा क्रमांक दिलेला आहे. आपल्याकडच्या मोबाइलवर मात्र ती मिळत नाही असंच धरून चला. पूर्वी ट्रंक कॉल बुक केला की ऑपरेटर आपली बारी धरून ठेवायचा आणि लागला की घंटी द्यायचा. ती बारी धरणारं आता कुणी उरलं नाही. त्यातल्या त्यात जवळची सोय म्हणजे काही कंपन्यांकडून येणारा ‘हा ग्राहक आता उपलब्ध आहे’ असा मेसेज. समोरचा फोन बंद किंवा रेंजबाहेर होता आणि परत चालू झाला, की तो येतो. तो आला की लगेच लावा.

वाट जाम असेल तेव्हा

अतिवृष्टी, यात्रा, निकालाचा दिवस, मोठा अपघात. अशा वेळी टॉवरवर एकाच वेळी जितकी बोलणी मावतात तितकी भरलेली असतात. त्यात लाईट गेलेली असेल तर आणखी पंचाईत. टॉवर आधी बॅटरीवर आणि मग जनरेटरवर चालतो. दोन्ही संपले की तो बंद पडतो आणि त्याचा सगळा भार शेजारच्या टॉवरवर जातो. पट्ट्या पूर्ण दिसतात आणि कॉल लागत नाही, त्याचं कारण हे. पट्टी सिग्नल किती जोरात येतो ते सांगते, जागा शिल्लक आहे की नाही ते सांगत नाही.

या क्रमानं करून बघा. फोन विमान मोडवर टाका, पंधरा सेकंदांनी काढा. फोन नव्यानं टॉवर शोधतो, कधी कधी कमी गर्दीचा टॉवर मिळतो. मग दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्यावरून लावा. हा उपाय सगळ्यांत भरवशाचा. म्हणून घरातल्या चार जणांची चारही सिम एकाच कंपनीची ठेवू नयेत. तिसरं, सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून ‘पसंतीचा नेटवर्क प्रकार’ फोरजी-फाइव्हजीवरून टूजीवर आणा. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलच्या सिमवर याचा उपयोग होऊ शकतो. जिओकडे टूजी नाहीच, तिथे हे करू नका, असलेलं नेटवर्कही जाईल. बोलणं झाल्यावर परत पहिल्यासारखं करायला विसरू नका, नाहीतर इंटरनेट रांगत चालेल.

घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क किंवा फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ते सापडतं. टॉवर जाम असला तरी कॉल ब्रॉडबँडच्या वाटेनं जातो, आणि समोरच्याला साधा कॉल आल्यासारखाच दिसतो. पत्र्याच्या घरात, दवाखान्याच्या तळघरात, बालाघाटाच्या डोंगरकुशीतल्या गावांत याचा मोठा आधार आहे. मात्र वायफायच्या डब्याला वीज लागते. तांब्याच्या तारेच्या जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून लाईट नसतानाही ती वाजायची. फायबरवरचा लँडलाइन तसा नाही. डबा बंद तर फोन बंद. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला तर हा प्रश्न सुटतो.

सगळंच जाम असेल तर बोलण्याचा हट्ट सोडा आणि एसएमएस करा. तो अडकला तरी वाटेत थांबून राहतो आणि जागा मिळाली की पुढे सरकतो. ‘सगळे सुखरूप, लातूरला आत्याकडे’ एवढ्या शब्दांनी दहा कॉल वाचतात, आणि तेवढी जागा रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला मिळते. जीवावरचं काम असेल तर ११२ लावा. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी हा कॉल हाताशी असेल त्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. १०८ एंगेज आला तर तिथेही ११२ च.

दोन सिमचा घोळ

बहुतेक फोनमध्ये सिम दोन असली तरी बोलण्याची वाट एकच असते. सिम १ वर बोलत असताना सिम २ नेटवर्कपासून तुटलेलं असतं. त्या नंबरवर लावणाऱ्याला एंगेज येत नाही, ‘बंद आहे’ किंवा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असं ऐकू येतं. कॉल वेटिंग चालू असूनही काही उपयोग नाही. गिऱ्हाईक म्हणतं, शेठ फोन बंद करून बसलेत. आणि शेठ तर सकाळपासून बोलत असतात.

यावर सॅमसंगच्या फोनमध्ये सिम मॅनेजरमधल्या जादा सेटिंगमध्ये ‘ड्युअल सिम ऑलवेज ऑन’ आहे. दुसऱ्या फोनात तशी सोय नसेल तर सिम २ चे ‘संपर्क होत नसेल तेव्हा’चे कॉल सिम १ वर वळवा आणि सिम १ वर वेटिंग चालू ठेवा. हवं तर सिम १ चे तसेच सिम २ वर वळवा. फक्त दोन्हींवर ‘सर्व कॉल’ प्रकारचं वळवणं लावू नका. कॉल इकडून तिकडे फिरत राहतो आणि शेवटी तुटतो.

आपला नंबर एंगेज राहू नये म्हणून

हा भाग मुख्यतः आडतदार, कृषी केंद्रवाले, डॉक्टर, टँकरवाले, मंगल कार्यालयवाले यांच्यासाठी. तुमचा फोन लागला नाही की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

कॉल वेटिंग चालू आहे का ते बघायला *#४३# लावा. चालू करायला *४३#, बंद करायला #४३#. कोड चालला नाही तर फोन अॅप, तीन टिंब, सेटिंग, तिथे ‘कॉल वेटिंग’ शोधा. सॅमसंगमध्ये ते ‘सप्लिमेंटरी सर्व्हिसेस’मध्ये असतं, आयफोनमध्ये सेटिंगमधल्या ‘फोन’ विभागात. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळं चालू करावं लागतं. एकावर केलं म्हणून दुसऱ्यावर होत नाही.

बोलताना दुसरा कॉल आला आणि स्मार्टफोनच्या पडद्यावर बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कळेना, तर पहिला कॉल कटतो. ‘होल्ड करून स्वीकारा’ आणि ‘कट करून स्वीकारा’ यांतला फरक रिकाम्या वेळी घरातल्याच फोनवरून दोनदा करून बघा. बटणाच्या फोनवर २ दाबून हिरवं बटण: पहिला होल्डवर, दुसरा चालू. १ आणि हिरवं: पहिला कट, दुसरा चालू. ० आणि हिरवं: आलेल्याला एंगेज. लँडलाइनवर सात-आठ सेकंदांनी पिप-पिप ऐकू येतं. तेव्हा फ्लॅशचं बटण दाबायचं किंवा क्रेडल अर्धा सेकंद दाबून सोडायचं.

वेटिंगपेक्षा चांगली सोय म्हणजे एंगेज असतानाचे कॉल मुनिमाच्या किंवा घरच्या फोनवर वळवणं. कोड **६७*, मग दहा आकडी नंबर, मग #. तपासायला *#६७#, काढायला ##६७#. उचलला नाही तर वळवायचा कोड ६१, संपर्क नसेल तर ६२. ६१ मध्ये किती सेकंदांनी वळवायचं तेही सांगता येतं: **६१*नंबर*११*१५# म्हणजे पंधरा सेकंदांनी. ही संख्या ५ ते ३० मध्ये पाचाच्या पटीत असते. ३० ठेवू नका. मोबाइलच्या घंटीची मुदतच तेवढी आहे, कॉल वळायच्या आत संपेल. १५ ठीक.

इथे दोन गोष्टी आडव्या येतात. वेटिंग चालू असेल तर नेटवर्क तुमची लाइन एंगेज धरतच नाही. आधी पिप-पिप वाजतं आणि तुम्ही नाकारलात तरच कॉल वळतो. लगेच मुनिमाकडे जायला हवा असेल तर वेटिंग बंद ठेवा. दुसरी गोष्ट कायद्याची. फसवणुकीच्या तक्रारींमुळे दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडनं (* आणि # लावून दाबायचे असले कोड) होणारं कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे कॉल वळवणं, थांबवायला कंपन्यांना सांगितलं. म्हणून कोडनं होत नसेल तर फोनच्या सेटिंगमधून करा, किंवा कंपनीच्या कस्टमर केअरला सांगा. वळवलेल्या कॉलचा खर्च वळवणाऱ्याच्या माथी असतो, तेव्हा आपला प्लॅन आधी बघून घ्या.

हेल्पलाइन आणि सरकारी नंबर

रांगेत आहात असं सांगितलं तर फोन ठेवू नका. ठेवलात की बारी गेली, परत शेवटून सुरुवात. स्पीकरवर टाका, फोन चार्जिंगला लावा, ग्राहक क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा. १८०० चे नंबर फुकट असतात. १८६० ला पैसे पडतात, तिथे थांबताना बॅलन्सचा विचार करा. सोमवारी सकाळी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी जास्त, हा सगळीकडचा अनुभव.

‘मराठीसाठी १, तक्रारीसाठी ३’ हे दर वेळी ऐकायचा कंटाळा येत असेल तर नंबर सेव्ह करतानाच पुढे स्वल्पविराम टाका. एका स्वल्पविरामाला फोन दोन सेकंद थांबतो. नंबर, दोन स्वल्पविराम, १, परत दोन स्वल्पविराम, ३ असं सेव्ह केलं की पर्याय आपोआप दाबले जातात. आकडे लवकर पडत असतील तर स्वल्पविराम वाढवा.

वीज गेल्यावर १९१२ जाम असेल तर महावितरणचे १९१२०, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५ हेही आहेत. त्याहून सोपं: नोंदवलेल्या मोबाइलवरून ०२२-५०८९७१०० ला मिस कॉल द्या, वीज नसल्याची तक्रार होते. नंबर नोंदवलेला नसेल तर काही होणार नाही, म्हणून बिलावर आपला मोबाइल छापलेला आहे का ते आजच बघा. गॅसलाही एजन्सीच्या एंगेज फोनची वाट बघू नका. नोंदवलेल्या नंबरवरून मिस कॉल: इंडेन ८४५४९५५५५५, एचपी ९४९३६०२२२२, भारतगॅस ७७१०९५५५५५.

शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत. तिथे सगळ्या लाइन भरलेल्या असल्या तर आपला प्रश्न बोलून ठेवता येतो आणि ते परत फोन करतात. बोलताना गाव, तालुका, पीक, किती दिवसांचं आहे आणि नेमकं काय दिसतंय, एवढं सलग सांगा. पीक विम्याचा १४४४७ पाऊस पडून गेल्यावर लागणं अवघड जातं. त्या हंगामाच्या योजनेत नुकसानीची पूर्वसूचना द्यावी लागत असेल तर मुदत ७२ तासांची असते. फोनच्या भरवशावर दोन दिवस घालवू नका. पीक विमा अॅपवर नोंदवा किंवा कृषी कार्यालयात, बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या.

मोठ्या कार्यालयांना बऱ्याचदा ओळीनं नंबर मिळालेले असतात. छापलेला नंबर ३० नं संपत असेल आणि एंगेज असेल तर ३१, ३२ लावून बघायला हरकत नाही.

इंटरकॉमवर आपोआप परत फोन येण्याची सोय आहे

साखर कारखाने, कॉलेजं, मोठे दवाखाने यांच्या इंटरकॉममध्ये ‘ऑटो कॉल बॅक’ बहुधा असतंच, फक्त कुणी वापरत नाही. एक्स्टेंशन लावा. एंगेज टोन आली की रिसीव्हर न ठेवता कोड दाबा. पॅनासॉनिकच्या बऱ्याच यंत्रांवर तो ६ आहे, इतरांवर ऑपरेटरला विचारा. वेगळी टोन आली की ठेवून द्या. समोरचा मोकळा झाला की आधी तुमचा फोन वाजतो, तुम्ही उचललात की त्याचा. काही घंट्यांत उचलला नाही तर नोंद रद्द होते, म्हणून कोड दाबून चहाला जाऊ नका.

कुणी कोड दाबायला सांगत असेल तर

‘तुमचा फोन लागत नाही, हा कोड दाबा, लाइन सुरळीत होईल’ असा फोन आला की समजा, चोर आहे. *४०१* किंवा **२१* आणि पुढे त्याचा नंबर, हा तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळवण्याचा कोड आहे. त्यानंतर तुमचा फोन वाजतच नाही, आणि बोलून सांगितले जाणारे ओटीपी त्याच्या कानात जातात. दुसरा प्रकार वेटिंगमधून होतो. बोलता बोलता तो म्हणतो, माझाच दुसऱ्या नंबरवरून कॉल येतोय, मर्ज करा. तो कॉल बँकेच्या ओटीपीचा असतो, आणि मर्ज केलात की त्यालाही ऐकू जातो. अनोळखी माणसासाठी कॉल कधीही मर्ज करू नका.

फोन अचानक वाजायचा थांबला असेल तर *#२१# लावून बघा. तिथे अनोळखी नंबर दिसला की ##००२# लावा, सगळं वळवणं एकदम निघतं. *४०१* दाबलं गेलं असेल तर *४०२ लावा. परत *#२१# नं खात्री करा. मग व्हॉट्सअॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा; पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता जास्त असते. १९३० एंगेज आला तर मिनिटा-मिनिटानं लावत राहा, आणि तोवर घरातल्या दुसऱ्याला सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम बँकेच्या मेसेजमध्ये असते, तो मेसेज डिलीट करू नका.